पौगंड झालंय का मला?

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव वगळून, थोडं आवरून देते.

"नमस्कार बाई. माझी मुलगी सातवीत आहे, साडेबारा वर्षांची. मुलगा नववीत. गेल्या महिन्यात तिच्या शाळेच्या फळ्यावर सूचना होती : ‘पौगंडावस्थेतील समस्या – व्याख्यान – फक्त मुलींसाठी’. घरी आली ती दप्तरही न उतरवता थेट स्वयंपाकघरात, आणि मला विचारते, ‘आई, मला पौगंड झालंय का? ते कशाने होतं?’ माझ्या हातात लाटणं तसंच राहिलं. सासूबाई म्हणाल्या, ‘शहाणी झाली की कळेल तिचं तिला.’ हे म्हणाले, ‘टीनएजर म्हण ना, सोपं आहे.’ नणंदबाई तिला उफाड्याची म्हणतात, त्यावरून ती चिडून रडते. मुलाचा आवाज फुटलाय, त्याला तर घरात-दारात सगळे ‘एवढा घोडा झालास’ म्हणतात. मला माता-पालक सभेत याच विषयावर पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. पौगंड म्हणजे नक्की काय? आणि या वयाच्या मुलांना आपण आपल्या भाषेत काय म्हणायचं?"

ताई,

तुमच्या लेकीचा प्रश्न दोन दिवस डोक्यात घेऊन फिरते आहे. ‘मला पौगंड झालंय का’ वाचून आधी हसू येतं, पण तिचं काही चुकलेलं नाही. गोवर होतो, कांजिण्या होतात, त्या चालीवर तिने तो शब्द बसवला. आणि का बसवू नये? फळ्यावर त्याच्या शेजारीच ‘समस्या’ होतं. पुढे ‘फक्त मुलींसाठी’ होतं, म्हणजे काहीतरी चारचौघांत न बोलण्यासारखं. शब्दाच्या पोटात ‘गंड’ आहे, आणि न्यूनगंड हा शब्द आता सातवीतल्या मुलांच्याही कानावर असतो. शेवटी ‘अवस्था’. आपण घरात अवस्था कधी म्हणतो? ‘काय अवस्था करून घेतलीस ही!’ पोरीने हे सगळे धागे जोडले आणि आजार असा अर्थ काढला. इतकं बारकाईने वाचणारी मुलगी आहे, तिला उत्तरही तितकंच नीट द्यायला हवं.

आधी शब्दाबद्दल. न्यूनगंड, अहंगंड हे गेल्या शतकात मानसशास्त्र मराठीत आणताना घडवलेले शब्द. पौगंड त्यांच्या कितीतरी आधीचा, संस्कृतातला, आणि त्यांच्याशी अर्थाने त्याचा संबंध नाही. भागवताच्या दशम स्कंधात तो येतो, आणि फार गोड जागी येतो. कृष्ण आणि बलराम वृंदावनात आधी वासरं राखतात. लहान पोरांच्या हाती लहान जनावरं. मग पंधराव्या अध्यायाच्या सुरुवातीला म्हटलं आहे की ते दोघं पौगंड वयाचे झाले, आणि गोपांच्या संमतीने गाई राखू लागले. वासरांवरून गाईंवर बढती. मोठ्यांनी पोरांकडे पाहिलं आणि त्यांना वाटलं, आता हे गाई सांभाळतील. हा शब्द पहिल्यांदा समजावून घेतला तेव्हा मला ही जागा सापडली, आणि त्यानंतर पौगंड म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे रानाकडे निघालेल्या गाई आणि त्यांच्या मागची दोन पोरं येतात. तुमच्या मुलीला ही गोष्ट जरूर सांगा.

आता त्या वयाचा हिशेब. भागवताच्या टीकेत तो असा दिला जातो : पाचव्या वर्षापर्यंत कौमार, दहाव्यापर्यंत पौगंड, पंधराव्यापर्यंत कैशोर, तिथून पुढे यौवन. म्हणजे या हिशेबाने तुमच्या लेकीचं पौगंड अडीच वर्षांपूर्वीच संपलं! पण नारदस्मृती उघडली तर वेगळंच. तिथे प्रश्न देण्याघेण्याचा, करारमदारांचा आहे. आठ वर्षांपर्यंत मूल गर्भातल्यासारखंच धरायचं, सोळापर्यंत ते बाल, त्यालाच पोगंड म्हणतात, आणि त्यानंतर त्याला व्यवहार कळतो असं मानायचं. एकाच शब्दाच्या दोन हद्दी. त्यात भर म्हणजे, संस्कृत कोशात पोगंडचा आणखी एक अर्थ दिलेला असतो : अवयव कमी किंवा जास्त असलेला, पुरता न घडलेला.

पुढे मानसशास्त्राची पुस्तकं मराठीत लिहायची वेळ आली तेव्हा इंग्रजी ‘अ‍ॅडोलेसन्स’साठी शब्द हवा होता. कुणी कुमारावस्था लिहिलं, कुणी किशोरावस्था, कुणी पौगंडावस्था. पौगंडावस्था बऱ्यापैकी रुजला, कारण तो दुसऱ्या कशासाठी वापरात नव्हता आणि भारदस्त दिसत होता. तो चूक आहे असं मी म्हणणार नाही. परीक्षेच्या पेपरात, डॉक्टरांच्या लेखात तो असू दे. पण शाळेच्या फळ्यावर, ज्यांच्याबद्दल बोलायचं त्याच मुलांसमोर, समजावून न सांगता तो लिहिणं मला पटत नाही. ज्याच्याबद्दल आहे त्यालाच कळत नसेल, तर तो शब्द त्याच्या पाठीमागे बोलल्यासारखा होतो.

मग किशोर? हा शब्द सोपा, गोड, सगळ्यांच्या ओळखीचा. पाठ्यपुस्तक मंडळाचं, म्हणजे बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत सुट्टीतलं वाचन म्हणजे ते मासिक. सरकारी कामातही तोच आहे. आरोग्य खात्याच्या कार्यक्रमांत ‘किशोरी’ म्हटलं की दहा ते एकोणीस वर्षांच्या मुली, शाळेत आठवड्याला एक निळी लोहाची गोळी मिळते ती याच वयासाठी. जागतिक आरोग्य संघटनेची मोजणीही दहा ते एकोणीस अशीच आहे. पण बोलताना एक अडचण होते, ती तुम्हीही अनुभवली असेल. ‘दोन किशोर आले होते’ म्हटलं तर ऐकणारा विचारतो, कोणते, मोरे की शिंदे? नाव म्हणून तो शब्द इतका रुळला की मुलगा या अर्थाने एकटा उभा राहत नाही. त्यामुळे त्याला ‘वयीन’ची काठी द्यावी लागते. किशोरवयीन मुलं म्हणा, मग तो नीट चालतो.

आणि किशोरचा मूळ अर्थ ठाऊक आहे का? शिंगरू. घोड्याचं पिल्लू. अथर्ववेदात तो शब्द येतो तो शिंगरांसाठी. अमरकोशात तर तो सापडतो घोड्यांच्या नावांमध्ये, घोडीच्या शेजारी. पुढे तो इतर पिल्लांना आणि मग माणसाच्या पोरांना लागला. म्हणजे तुमच्या घरी मुलाला सगळे ‘एवढा घोडा झालास’ म्हणतात आणि पुस्तकात त्याला ‘किशोर’ म्हणतात, तेव्हा दोघांनी एकच जनावर पाहिलेलं असतं. शरीराआधी वाढलेले पाय, कुठे आवरावे न कळणारे. दारातून जाताना खांदा चौकटीला लागणार, पाणी पिताना तांब्या आपटणार. शिंगरू डोळ्यांपुढे आणलंत की हे सगळं दिसतं. फरक आहे तो म्हणण्याच्या सुरात. ‘घोडा झालास तरी अक्कल नाही’ हे वाक्य आपल्याकडे पुरं न म्हणताही ऐकू येतं. घोडा म्हटलं की ‘तरी’ मागून येणारच, हे मुलाला माहीत असतं. म्हणून तो मान खाली घालतो.

त्याच्या आवाजाबद्दलही दोन शब्द. आपण ‘आवाज फुटला’ म्हणतो, ‘कंठ फुटला’ म्हणतो, ‘मिसरूड फुटली’ म्हणतो. कप फुटतो तेच हे क्रियापद आणि झाडाला पालवी फुटते तेही हेच. नववीतल्या मुलाला वर्गात उभं राहून कविता म्हणायला सांगितली आणि मधेच आवाज चिरकला, सगळे हसले, तर त्याला आपलं काहीतरी फुटलं असंच वाटतं. त्याला दुसरा अर्थ सांगा. पोपटाच्या गळ्याभोवती रंगीत रेघ उमटते त्यालाही कंठ फुटणंच म्हणतात.

आता सासूबाईंच्या शब्दाकडे येते, आणि इथे मला जरा थांबायचं आहे. ‘शहाणी झाली’. त्यांचा हेतू वाईट नाही, त्यांच्या आईने त्यांच्यासाठी तोच शब्द वापरला असणार. पण नीट पाहा. मुलीला पाळी आली की ती शहाणी होते. मुलगा मात्र शरीराने कधीच शहाणा होत नाही, त्याला शहाणा व्हायला शिकावं लागतं, वागावं लागतं. बारा वर्षांच्या पोरीला एका दिवसात, तिने काहीही न करता शहाणी ठरवायचं आणि त्या दिवसापासून शहाण्यासारखं वागायची अपेक्षा ठेवायची. दोरीवरच्या उड्या बंद, भावाच्या मित्रांशी बोलणं बंद, हसणं हळू. आणि ज्या गोष्टीने शहाणी झाली ती गोष्ट तिला आधी सांगायचीही नाही. ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची झाली’, असं काहीबाही सांगून वेळ मारून न्यायची.

या शब्दासमोर दुसरा ठेवा. तुमच्या घरी शेती असेल तर सातबारा काढून बघा. घरातल्या एखाद्या लहान मुलाच्या नावाने जमीन लागली असेल तर त्याच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ अशी अक्षरं असतात. अज्ञान पालनकर्ता. कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालचं मूल ‘अज्ञान’ आणि अठरा पूर्ण झालं की ‘सज्ञान’, मग तलाठ्याकडे अर्ज करून तो शेरा काढून घ्यायचा. १८७५ च्या कायद्याने अठरा ही रेघ ओढली, ती अजून तशीच आहे. म्हणजे एकच मुलगी घरात बाराव्या वर्षी शहाणी आणि कागदावर अठरापर्यंत अज्ञान. सोळा वर्षांच्या मुलीला तिच्या तोंडावर अज्ञान म्हटलेलं आवडणार नाही, आणि तिला कळतही खूप असतं. पण त्या शब्दामागे जे आहे ते मला फार मोलाचं वाटतं : तिच्या नावाने कोणी दुसऱ्याने सह्या करून तिचं काही विकू नये, तिच्या शरीराची वाढ पाहून कोणी तिच्यावर हक्क सांगू नये. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून जपणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने तर अठराखालच्या सगळ्यांना सरळ ‘बालक’ म्हटलं आहे, मुलगा असो की मुलगी, उंची कितीही असो. सभेत बोलाल तेव्हा हे सांगाच. अंगाने थोराड दिसते म्हणून ती मोठी झाली असं कुणीही, जवळच्या नातेवाइकानेसुद्धा, धरून चालू नये.

‘उफाड्याची’ हा शब्द म्हणून मला टोचतो. नणंदबाई सहज म्हणत असतील. पण तो शब्द पाहणाऱ्याच्या नजरेतून आलेला आहे. मुलीला त्यात स्वतःचं काही सापडत नाही, फक्त कोणीतरी आपल्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं एवढं कळतं. ती रडते ते बरोबर आहे. नणंदबाईंना तुम्ही एकदा शांतपणे, एकटीला गाठून सांगा. चारचौघांत सांगू नका, नाहीतर तो वादाचा विषय होईल आणि शब्द आणखी वापरला जाईल.

तुम्ही विचाराल, मग आपल्या भाषेत मुलींच्या या वयाला धड शब्दच नव्हता का? होता. ‘परकरी’. परकरी पोर म्हणजे परकर-पोलकं घालणारी, अजून साडी न नेसणारी. माझ्या आजीच्या बोलण्यात हा शब्द सतत असायचा, ‘मी परकरी होते तेव्हा’ अशी गोष्टीची सुरुवात व्हायची. पण ही मुदत फार छोटी होती. रमाबाई रानड्यांचं लग्न अकराव्या वर्षी झालं. रखमाबाईंचंही अकराव्याच वर्षी, आणि त्यांनी पुढे नांदायला जायला नकार दिला म्हणून त्यांच्यावर खटला भरला गेला. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला तो शरीरसंबंधासाठीचं मुलीचं वय दहावरून बारा करण्यासाठी, आणि त्या दोन वर्षांसाठी आपल्याकडे केवढा गदारोळ झाला. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय चौदा केलं. आज अठरा आहे. मूल आणि बायको यांच्यामध्ये मुलीला राहायला जी जागा मिळाली ती अशी दोन-दोन, चार-चार वर्षांनी, भांडून मिळालेली आहे. मला वाटतं, म्हणूनच या वयासाठी आपल्याकडे मुलींचा शब्द चाचपडतो. ते वय त्यांच्या वाट्याला नवं आहे. तुमच्या लेकीच्या हातात ते पुरं पडलंय, सात-आठ वर्षांचं. तिच्या पणजीच्या हातात नव्हतं.

‘टीनएजर’बद्दल तुमच्या यजमानांशी माझं भांडण नाही. मुलं तो शब्द स्वतःहून वापरतात, वापरू द्या. फक्त तो इंग्रजी आकड्यांतून आलेला आहे. तिथे तेरापासून एकोणीसपर्यंतच्या आकड्यांना ‘टीन’ लागतं, म्हणून तेराव्याला वय बदलतं. तुमची लेक साडेबाराची, म्हणजे त्या शब्दात ती अजून बसतही नाही, आणि शरीर काही तेराव्या वाढदिवसाची वाट बघत नाही. बऱ्याच मुलींमध्ये ते आठ ते तेराच्या मधे कधीही सुरू होतं, मुलांमध्ये साधारण वर्षभर उशिराने. त्यामुळेच सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर उंच मुली असतात आणि दहावीत त्याच बाकावर मुलं.

आता मी काय म्हणते ते सांगते. मी ‘वाढत्या अंगाची’ म्हणते, ‘वाढत्या वयाची मुलं’ म्हणते. हे शब्द मला कोशात सापडलेले नाहीत, ते मी शिंप्याकडे ऐकले.

आमच्याकडे जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी आई मला शिंपीमामांकडे घेऊन जायची. निळा स्कर्ट, पांढरा ब्लाउज. मामा माप घेत असताना आई दर वर्षी तेच सांगायची, ‘वाढत्या अंगाचं शिवा हो, माया जास्त सोडा.’ शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात त्याला आपल्याकडे माया म्हणतात, हे शिवणकाम करणाऱ्या प्रत्येकीला माहीत असतं. स्कर्टच्या खाली चांगली चार बोटं दुमड असायची, हातशिलाईने घातलेली, म्हणजे उसवायला सोपी. पुढच्या जूनमध्ये आई ब्लेडने टाके उसवायची, दुमड सोडायची, इस्त्री फिरवायची. बाकीचा स्कर्ट उन्हापाण्याने फिका पडलेला असायचा आणि दुमडीतलं कापड मात्र गडद निळं, दुकानातून आणल्यासारखं. तो गडद पट्टा आणि त्याच्या वरच्या कडेला जुन्या सुईच्या भोकांची बारीक रेघ. वर्गातल्या निम्म्या मुलींच्या स्कर्टला असा पट्टा असायचा. कुणाचा किती रुंद त्यावरून आम्ही एकमेकींची वाढ मोजायचो. सातवीत माझा सगळ्यात रुंद होता, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

‘वाढत्या अंगाची’ या शब्दात मला हे सगळं दिसतं. त्यात वय आकड्यात बांधलेलं नाही. मुलगा-मुलगी भेद नाही. नजर नाही, हसणं नाही, आजार नाही. हे अंग आज जेवढं आहे तेवढंच राहणार नाही, म्हणून आतून थोडं कापड राखून ठेवा, एवढंच त्यात आहे.

हा शब्द भूक लागली तरी चालतो, ‘वाढतं अंग आहे, अजून एक भाकरी घे’. झोप आली तरी चालतो. रविवारी मुलगा नऊपर्यंत उठला नाही तर ‘घोड्यासारखा पसरलाय’ म्हणण्याऐवजी ‘वाढत्या अंगाला झोप लागते’ म्हणून बघा. आणि ते खरंही आहे, या वयात झोपेची वेळ आपसूक पुढे सरकते, त्याचा आळशीपणाशी संबंध नाही.

तरी एक गोष्ट राहते. वाढतं वय, किशोरवय, काहीही म्हणा, पण पाळीला पाळीच म्हणा. स्तन, शिश्न, वीर्य, मासिक पाळी हे शब्द घरात एकदा तरी स्पष्ट उच्चारलेले असावेत, तेही घडायच्या आधी. नाहीतर मुलं ते शब्द शिकतील, पण शिव्यांमधून. तुमच्या लेकीला पाळी आली आहे की नाही ते तुम्ही लिहिलं नाहीत. आली नसेल तर याच आठवड्यात बोला, पोळ्या लाटता लाटता बोला, समोर बसवून नको. समोर बसवलं की मुलांना वाटतं काहीतरी गंभीर झालंय. आणि मुलालाही पाळीबद्दल सांगा. बहिणीसाठी दुकानातून पॅड आणायला त्याला लाजल्यासारखं होऊ नये.

हाक मारताना मात्र यातला कुठलाच शब्द नको. हाक नावानेच मारावी, किंवा बाळा, पोरी, राजा जे तुमच्या घरात असेल ते. विदर्भात पोट्टी म्हणतील, मालवणात चेडू. घरातलं नाव वय बदलत असतानाही तसंच राहिलेलं मुलांना बरं वाटतं. माझ्याकडे शिकलेल्या कितीतरी मुलामुलींनी मोठेपणी सांगितलं की आई एकदम ‘अगं मोठी झालीस आता’ म्हणायला लागली आणि ‘पिल्लू’ म्हणायची थांबली, ते त्यांना लागलं होतं.

सभेसाठी एक सोय सांगते. तिथे पालक म्हणतील, अमुक वयापर्यंत काय म्हणायचं ते सांगा. तेव्हा त्यांना मुलांचीच पुस्तकं दाखवा. लहान इयत्तांची बालभारती, नववी-दहावीची कुमारभारती, अकरावी-बारावीची युवकभारती. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांनी बाल, कुमार, युवक या पायऱ्या मुलांच्या दप्तरातच घालून ठेवल्या आहेत. ‘कुमारिका’ तेवढा टाळा, नवरात्रातल्या पूजेशी आणि लग्नाशी तो फार बांधलेला आहे. ‘अल्पवयीन’ही शक्यतो नको. मुलं तो शब्द फक्त गुन्ह्याच्या बातम्यांत वाचतात.

आणि शाळेला विनंती करा, हक्काने करा. व्याख्यान मुलांसाठीही ठेवा, तुमच्या नववीतल्या मुलालाही त्याची तितकीच गरज आहे. फळ्यावर ‘वाढत्या वयातले बदल’ एवढं लिहिलं तरी पुरे, ‘समस्या’ पुसून टाका.

सासूबाईंशी या विषयावर वाद घालू नका. लेकीलाच त्यांच्याकडे पाठवा आणि विचारायला सांगा, ‘आजी, तू परकरी होतीस तेव्हा तुला काय म्हणायचे?’ त्या काय सांगतात ते मला कळवा. त्या बाजूचा एखादा शब्द माझ्या कानावर न आलेलाही निघेल.